धुऱ्यावरचा पाठ

ज्या दुपारी पुंजाजीची लोखंडी सब्बल शेषरावाच्या खांद्यावर उतरली, त्या दुपारी तिसरीचा वर्ग मीटर शिकत होता. हाड मोडल्याचा आवाज आधी आला, किंकाळी मागून आली, आणि त्या दोहोंच्या मधल्या पोकळीत एका लेकराचा मोजण्याचा सूर तेवढा उरला होता: "अठ्ठावीस... एकोणतीस..."

मायबाप, मी कीर्तनात देवाचे नाव घेऊन उभा राहणारा माणूस. मी त्या दुपारी तिथे नव्हतो. पण त्या गावात सप्ताहाला वर्षानुवर्षे जातो, त्या दोन्ही घरी जेवतो, आणि ज्या मुलीची ही कथा आहे तिच्या तोंडून ती ऐकलेली आहे. गाव वरवट बकालच्या पुढचे. नाव सांगत नाही, कारण तिथल्या लेकरांना अजून तिथेच वाढायचे आहे. मुलीचे नाव मात्र सांगतो. ते सांगण्यासाठीच लेखणी हाती घेतली. आसमा तिचे नाव.

मलकापुरात बाजारपेठेच्या टोकाला हैदरभाईंचे गाद्या-रजयांचे दुकान आहे. तीन भिंती, एक पत्रा, आणि आत डोंगराएवढा कापूस. आता पिंजायला यंत्र आहे. पण जुन्या गादीतला गठ्ठा झालेला कापूस हैदरभाई आजही काठीने झोडतात. धप्प, धप्प, धप्प. त्या आवाजात आसमा वाढली. तिच्या केसांत सदा कापसाचे तंतू. शाळेत तिसरीच्या वर्गात एका गुरुजींना ते तंतू दिसले. "घाण घेऊन येतेस?" असे म्हणून त्यांनी पट्टी आडवी नव्हे, उभी धरली, आणि धारेने तिची बोटे फोडली. रक्त पाटीवर पडले. लेकरू घरी आले ते मूठ मिटूनच.

हैदरभाईंनी ती मूठ उघडली. बोटे पुसली. मग म्हणाले, "कापसाले झोडलं तं तो फुलते, बेटा. लेकराले झोडलं तं ते मिटते."

त्या दिवशी त्या आठ वर्षांच्या मुलीने ठरवले की आपण शिक्षिका व्हायचे, आणि लेकरावर हात उचलायचा नाही. कधीच नाही. लोक देवापुढे नवस बोलतात. तिने आपल्या फुटलेल्या बोटांपुढे बोलला.

पुढे ती जळगाव जामोदच्या एका अध्यापक विद्यालयात दाखल झाली. तिथेच खोली घेऊन राहिली. शेवटच्या वर्षी प्रत्येक छात्राध्यापिकेने एका शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवायचे आणि त्या शिकवण्याचा कार्यसंच तयार करून द्यायचा, असा विद्यालयाचा नियम होता. कार्यसंच म्हणजे एक जाडजूड फाईल आणि तिच्यासोबत एक चित्रण. फाईलीत पाठाची टाचणे, म्हणजे काय आणि कसे शिकवायचे त्याचे आराखडे. शिकवण्याआधी मुलांनी लिहिलेल्या उत्तरांचे नमुने आणि शिकवल्यानंतरच्या उत्तरांचे नमुने. आणि शेवटी आपल्याच पाठाविषयी आपणच लिहिलेले परीक्षण. चित्रण एका पूर्ण पाठाचे, त्याच मुलांचे. यातला एक भाग जरी उणा पडला तरी प्रमाणपत्र नाही.

तिच्या मार्गदर्शक पूनम मॅडम. शब्दाला कडक, मनाला मऊ. त्यांनी वर्गात बजावले होते, "चित्रण सलग हवे. कात्री लावायची नाही. चुकलात तर चुकलेल्या दिसा. मला नटी नको, शिक्षिका हवी."

आसमाच्या वाट्याला हे गाव आले. सकाळच्या बसने वरवट बकाल, तिथून ऑटो. दोन खोल्यांची शाळा, मुख्याध्यापिका विमलबाई, आणि तिसरीची मूठभर मुले. ती मुले तिला पहिल्याच आठवड्यात अशी बिलगली, जशी वासरे गाईला बिलगतात. 'आधीचे नमुने' म्हणून तिने त्यांना लांबीचे प्रश्न दिले, आणि उत्तरे वाचून एकटीच हसत बसली. कोणी लिहिले होते की नदी शंभर किलो लांब आहे. शिवमने लिहिले होते की त्याच्या घरचा बैल पाच किलोमीटरचा आहे.

हा शिवम शेषरावाचा नातू. पुढचे दात नुकतेच आलेले, त्यामुळे सदा हसरा. आणि दुसरी मयुरी, पुंजाजीची मुलगी, शब्दाला चुरचुरीत. शेषराव आणि पुंजाजी चुलतभाऊ. एकाचे केस पिकलेले, एकाचे काळे. घरे शेजारी, शेते शेजारी. पण ही दोन लेकरे वर्गात दोन टोकांना बसत. एकाने पेन्सिल मागितली तर दुसरे ती जमिनीवर टाकी, हातात देत नसे.

आसमाने एकदा विचारले, "तुम्ही दोघे बोलत का नाही?"

मयुरी पटकन म्हणाली, "याच्या आज्यानं आमच्या बाचा कान तोडला, मॅडम."

"अन् हिच्या बानं आमच्या आज्याची दोन बोटं उडवली," शिवमने हिशोब पुरा केला.

"कशावरून?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पहिल्यांदाच पाहिले. आणि दोघांनीही खांदे उडवले. ठाऊक नव्हते.

मायबाप, त्या खांदे उडवण्यात आसमाला देव दिसला. ज्यांना भांडणाचे कारण ठाऊक नाही त्यांना मैत्रीचे कारण देता येईल, असे तिच्या भोळ्या मनाने घेतले. तिने आपल्या टाचणात लिहिले की गटकार्यात शिवम आणि मयुरी यांची जोडी करावी. हेतू गंगेसारखा होता. पण कारण तिनेही विचारले नाही, आणि गावाने तिला आपण होऊन सांगितले नाही. ते कारण शाळेच्या मागच्या भिंतीला लागूनच पडलेले होते, बाभळीपासून नाल्यापर्यंत, गवताने झाकलेले. तो धुरा होता. एका बाजूला पुंजाजीची कपाशी, दुसऱ्या बाजूला शेषरावाची तूर, आणि मध्ये हातभर रुंदीचा मातीचा बांध. त्या बांधासाठी कान गेला होता. बोटे गेली होती. एका पोळ्याला एक बैलही विष घालून मारला गेला होता.

पाठाचा दिवस उजाडला तेव्हा कार्तिक सरत आला होता. विमलबाईंना त्या दिवशी तालुक्याला प्रशिक्षणासाठी जावे लागले. जाताना त्या सांगून गेल्या होत्या, "मैदानावर घे पाठ. मोकळं आहे." पण सकाळी पाहते तो मैदानभर कोणीतरी सोयाबीन वाळत घातलेले. पाय ठेवायला जागा नाही. मुलांच्या हाती हैदरभाईंनी वळून दिलेली दोरी, गादीच्या जाड सुताची, मीटरा-मीटरावर गाठ मारलेली. खो-खोचे मैदान आखण्याची चुन्याची फक्की डब्यात भरलेली. सगळी तयारी हाती, आणि जागा नाही. तिने भोवती पाहिले. मोजायला सरळ, लांब, मोकळी अशी एकच रेघ त्या परिसरात होती.

ती मुलांना घेऊन धुऱ्यावर गेली.

शेतकऱ्याच्या घरात जन्मलेले शेंबडे पोरही जाणते की धुऱ्यावर दोरी आणि चुना एकत्र आले म्हणजे मोजणी आली. सरकारी माणूस आला, खुणा पडल्या, कोणाचे तरी शेत आत गेले, कोणाचे तरी बाहेर आले. पण हैदरभाईंच्या घरी जमीन पिढ्यान्पिढ्या नव्हती. तिथे मोजायची ती गादीची रुंदी. आसमाला चुना म्हणजे खो-खो एवढेच ठाऊक. आणि मुले? मुले तिच्या प्रेमात होती. मॅडम म्हणाल्या म्हणजे तो पाठ, मोजणी नव्हे.

तिने शाळेच्या भिंतीवर विटांच्या आधाराने मोबाईल उभा केला. चित्रण सुरू झाले. दोरीचे एक टोक शिवमच्या हाती, एक टोक मयुरीच्या. प्रत्येक गाठीला चिमूटभर चुना, आणि बाकीची मुले एका सुरात मोजत निघाली. एक, दोन, तीन. मयुरी ओरडली, "शिवम, ढिली सोडू नको बे!" शिवम ओरडला, "तूच ओढून राह्यली!" ती दोघे भांडत होती, म्हणजे बोलत होती. आसमाचे डोळे भरून आले. ते त्या चित्रणात दिसते.

कपाशीत पुंजाजी कुंपणाच्या खांबासाठी सब्बलीने, म्हणजे पहारीने, खड्डे घेत होता. त्याने मान वर केली आणि काय पाहिले? पांढऱ्या खुणांची ओळ. एक अनोळखी बाई, हाती कागद. भिंतीवर मोबाईल. आणि दोरी धरून चाललेला शेषरावाचा नातू. तुरीत शेषराव विळ्याने गवत कापत होता. त्याने मान वर केली आणि काय पाहिले? त्याच खुणा, तीच बाई, तोच मोबाईल. आणि दोरी धरून चाललेली पुंजाजीची पोर.

"काऊन बे शेषा!" पुंजाजी बांधावर चढला. "चोरून मोजणी आणली?"

"मी आणली? दोरी तुह्या पोरीच्या हाती हाये, आंधया!"

"चुना माह्या बाजूनं पडून राह्यला, अन् मलेच आंधया म्हनतं?"

"काका," आसमा मध्ये आली, "ही मोजणी नाही. हा मुलांचा पाठ आहे. मीटर शिकवतेय मी..."

"तू मधात बोलू नको! कोनं बोलावलं तुले? याच्या बापानं?"

"बापावर जाऊ नको, पुंज्या. तुह्या बापानंच हा धुरा कोरून खाल्ला."

बापाचे नाव निघाले आणि सब्बल उठली.

पुढचे झाकून सांगणार नाही. पहिल्या घावात शेषरावाच्या खांद्याचे हाड मोडले. तो गुडघ्यावर आला, आणि येता येताच त्याचा विळा पुंजाजीच्या मांडीत गेला, आत गेला आणि ओढला गेला. धोतर फाटावे तसे मांस फाटले. रक्ताची चिळकांडी चुन्यावर पडली. चुना आधी गुलाबी झाला, मग काळा. दोन्ही घरांतली माणसे काठ्या घेऊन धावली. बायका दगड घेऊन धावल्या. मुले जागच्या जागी गोठली होती, हातात दोरी तशीच ताणलेली, कारण मॅडमनी सांगितले होते की ढिली सोडायची नाही.

गुडघ्यावरच्या शेषरावाने आपल्या डाव्या हाताने, त्या दोन बोटे नसलेल्या हाताने, दगड उचलला आणि भिरकावला. पुंजाजीसाठी उचललेला तो दगड. तीन बोटांचा नेम चुकला. तो शिवमच्या तोंडावर बसला. नुकते आलेले दात रक्तासकट हनुवटीवर ओघळले. लेकरू रडलेही नाही. त्याने आज्याकडे पाहिले.

आणि मयुरी "बा!" म्हणून ओरडत नेमकी फिरत्या सब्बलीच्या दिशेने धावली. आसमाने तिला दंडाला धरले. मुलगी सुटू पाहत होती, नखे मारत होती, चावत होती. तेव्हा आसमाचा उजवा हात उठला आणि मयुरीच्या गालावर पूर्ण ताकदीने बसला. फट्. पोर सुन्न झाली. त्या सुन्न पोरीला तिने मागे ओढले, आणि ओढताना पुढे राहिलेल्या तिच्या त्याच उजव्या मनगटावर सब्बल उतरली. कोणाला मारायचे होते, ते पुंजाजी आजही सांगू शकत नाही.

एका हाताने तिने मुले गोळा केली. कशी केली हे तिला आठवत नाही. वर्गात ढकलली, आतून कडी घातली, पाठ दाराला लावून बसली. आपली ओढणी शिवमच्या तोंडात धरली. ओढणी भिजली. बाहेर सब्बल दारावर आदळू लागली. पत्र्याच्या दाराला एकेक पोचा आत येत होता, तिच्या पाठीत.

"मॅडम! पोरगी दे बाहेर! माही पोरगी हाये ते!"

"तुमचीच आहे, काका. हत्यार खाली ठेवा. मग देते."

"दार तोडून झिंज्या धरून ओढीन तुले!"

"ओढा. आधी मी येईन बाहेर, मग मुले."

शेषरावाकडचे आवाजही त्यात मिसळले. "आमचं पोट्टं सोड! डांबून ठेवलं काय बे तिनं?" आता दोन्ही बाजूंच्या काठ्या एकमेकांवर कमी आणि दारावर जास्त पडू लागल्या. आत मुले एकमेकांना घट्ट धरून होती. मयुरीने शिवमचा हात धरला होता. गालावर पाच बोटे उमटलेली ती पोर विचारत होती, "मॅडम, बा मेला काय?"

आणि एकाएकी दारावरचा मार थांबला. बाहेर रुक्मिणीबाईंचा आवाज आला. शेषरावाची बायको, शिवमची आजी. ती बाई दाराला पाठ लावून उंबऱ्यावर बसली होती. आतून आसमा, बाहेरून रुक्मिणीबाई, मध्ये पत्रा.

"मार," त्या म्हणत होत्या. "मार ना पुंज्या, ह्या टकुऱ्यावर मार. अन् तुमीबी मारा, म्हातारबुवा. नातवाचं थोबाड फोडलं, आता आजीचं फोडा. मंग घ्या तुमचा धुरा, अन् सरन रचून जाया त्याच्यावर आमाले आजी-नातवाले."

सब्बल खाली पडल्याचा आवाज आसमाने पाठीतून ऐकला. त्यानंतर तिची शुद्ध गेली.

पोलीस आले, पंचनामा झाला, दोघांनीही परस्परांवर फिर्याद दिली, दोघेही काही दिवस आत राहून जामिनावर आले. आसमाचे मनगट दोन ठिकाणी मोडले होते. चित्रणाची एक प्रत पोलिसांनी नेली. मोबाईल भिंतीवर तसाच उभा होता. त्याने मीटरही टिपला होता, सब्बलही, दगडही आणि ती थापडही. सलग.

आता ऐका, या गोष्टीतला सर्वांत मोठा घाव. तो लोखंडाचा नव्हता.

दोन्ही घरच्या जाणत्यांनी मिटवायचे ठरवले. भाऊबंदकीत कोर्ट कशाला? दोष कोणाचा तरी हवाच. तर तो बाहेरच्या मुलीचा. विद्यालयात अर्ज गेला, खाली शेषरावाची सही आणि त्याच्या शेजारी पुंजाजीची. छात्राध्यापिकेने न विचारता धुऱ्यावर चुना टाकून दोन घरांत कलागत लावली, आणि मुलांना ढकलून जखमी केले. तिला प्रमाणपत्र देऊ नये. आणि शिवमला शिकवले गेले की विचारले तर सांगायचे, मॅडमनं धक्का दिला, म्हणून दात पडले.

मग एके दिवशी, आसमा हाताला प्लास्टर घालून वडिलांच्या दुकानात बसलेली असताना, भर बाजारात एक जीप दुकानापुढे थांबली. तिच्यातून दोघे उतरले. एकाचा हात गळ्यात बांधलेला, एक मांडी ओढत चालणारा. उतरताना पुंजाजीने शेषरावाला आधार दिला.

शेषराव गोड बोलला. "बाई, तो मोबाईलातला शिनेमा पुसून टाक, अन् पोलिसाइले लिहून दे का ते चित्रन खरं नाही. आमी अर्ज मांगं घेतो. तुले पाठ पाहिजे ना? नवा घे. आमचेच पोट्टे बसवतो, न्हाऊ घालून बसवतो. एका दिवसात तुहं काम फत्ते."

मायबाप, मोह असाच येतो, हात जोडून येतो. नवा पाठ, स्वच्छ चित्रण, हसरी मुले, प्रमाणपत्र. नाही म्हटले तर सारे शिक्षण पाण्यात.

"आणि शिवमचे दात?" आसमाने विचारले.

"ते तुह्या धक्क्यानं पडले. पोट्टं सांगते तसं."

"तो सांगतो, की तुम्ही सांगायला लावता?"

पुंजाजी पुढे आला. "लई शहाणी नको होऊ. त्याच्यात तुही थापड बी हाये. माह्या पोरीले हानलं तू. दाखवतं काय जगाले? मास्तरीन म्हने!"

आसमाचा चेहरा पांढरा पडला. हैदरभाईंनी लेकीकडे पाहिले. थापडेचे तिने त्यांना सांगितले नव्हते. 

"दाखवीन," ती म्हणाली. "आधी माझी थापडच दाखवीन. मी नापास झाले तर मी होईन. पण त्या लेकराने खोटे बोलायला माझ्यामुळे शिकू नये, काका."

पुंजाजीने दुकानातली मोठी कात्री उचलली. क्षणभर वाटले की ती तिच्यावर येणार. ती नव्या रजईत घुसली. कर्र्र. मग गादीत. मग दुसऱ्या गादीत. हप्त्याभराची मेहनत उभी चिरली गेली. कापूस उसळला, रस्त्यावर गेला, लोकांच्या नाकातोंडात गेला. हैदरभाई मध्ये पडले तर त्यांच्या कानशिलावर ठोसा बसला, आणि पांढऱ्या ढिगावर लाल थेंब पडले. त्या शांत म्हाताऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा कापूस झोडण्याची काठी माणसावर उगारली.

त्या काठीवर प्लास्टरमधला हात येऊन पडला.

"सोड बेटा."

"नाही अब्बा. माझा एकदा उठला. तेवढा पुरे."

काठी खाली आली. तोवर बाजार गोळा झाला होता. हमाल, पानवाले, भाजीवाल्या बाया. जीप निघून गेली. आसमा गुडघ्यावर बसून एका हाताने कापूस वेचू लागली.

पूनम मॅडमनी चित्रण पाहिले आणि त्या उठून खिडकीशी गेल्या. "पहिला भाग किती सुंदर आहे गं," त्या म्हणाल्या. "तिथवर ठेव. पुढचे काप. परीक्षक समितीला मी सांगते."

"तुम्हीच म्हणाला होता, मॅडम. कात्री नाही."

"तेव्हा मला काय ठाऊक होतं?"

"मलाही नव्हतं."

तिने डाव्या हाताने आपले परीक्षण लिहिले. अक्षर पहिलीतल्या मुलासारखे वाकडे. पहिले वाक्य: 'या पाठात मी एका विद्यार्थिनीला मारले.' दुसरे वाक्य: 'ही रेघ कोणाची आहे हे विचारल्याशिवाय मी मुलांना तिच्यावर उभे केले.' मोडलेल्या मनगटाचा उल्लेख त्यात कुठेही नाही.

फाईलीत एकच भाग उरला होता. शिकवल्यानंतरचे नमुने. त्यासाठी तिला त्याच गावात, त्याच मुलांपुढे जावे लागणार होते. हैदरभाई म्हणाले, मी येतो. आले, काठी घरी ठेवून आले.

विमलबाईंनी शाळा उघडून ठेवली होती. फाटकात रुक्मिणीबाई बसलेल्या, शिवमचा हात धरून. "जा आत," त्या नातवाला म्हणाल्या, "अन् जे घडलं तेच लिव. आजा काय म्हनते ते आज्याले लिहू दे." रस्त्यापलीकडे पुंजाजी उभा होता. तो आत आला नाही. मुले बसली तेव्हा कुठूनसा एक दगड खिडकीतून आला आणि फळ्याखाली पडला. वर्ग दचकला. आसमाने तो उचलून टेबलावर ठेवला आणि प्रश्न सांगायला सुरुवात केली.

त्याआधी मात्र ती मयुरीपुढे गेली, सगळ्यांसमोर, आणि खाली बसून म्हणाली, "मी तुला मारले. ते चुकले माझे."

मयुरीने विचार केला. "तुमचा हात हलका हाये, मॅडम," ती म्हणाली. "बाचा जड हाये. त्यानं अजून म्हटलं नाही तसं."

 आसमाने त्या गालावर आपला सरळ न होणारा हात फिरवला. तो आजही सरळ होत नाही, वर नेऊन लिहिता येत नाही. आज एका छोट्या शाळेत ती शिकवते, तेव्हा फळ्यावर खालच्या अर्ध्यातच लिहिते. मुलांना तेच उंचीला बरे पडते.

समितीने चित्रण सलग पाहिले. अर्ज बाजूला ठेवला. वर्ग हाताळण्याच्या रकान्यात तिचे गुण कापले, आणि ते तिने मान्य केले. शेवटचे नमुने पूनम मॅडमनी स्वतः तपासले. नदी आता किलोत नव्हती. बैल दोन मीटरवर आला होता. एका प्रश्नाशी मात्र त्या थांबल्या. 'शाळेमागचा धुरा किती मीटर लांब आहे?' वर्गाच्या दोन टोकांना बसून, एकमेकांचे न पाहता, शिवमने आणि मयुरीने एकच उत्तर लिहिले होते:

'एकोणतीस मीटर मोजला. मंग मारामारी झाली. बाकीचा मोजायचा राह्यला.'

पूनम मॅडमनी लाल पेन हाती घेतले, आणि दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण दिले.